थोरलीची वर्षं

मार्गशीर्षातली सकाळ होती. सोनाळ्यात तुळशीरामच्या घरी चुलीवर तवा तापला होता आणि कोकिळा ज्वारीच्या भाकरी थापता थापता एक कान बाहेर ठेवून होती. कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बाया पाराशी जमल्या की हाक मारायच्या, त्या हाकेच्या आत भाकरी बांधून व्हायला हव्या होत्या. तुळशीराम आपला रुमाल शोधत होता आणि तो त्याच्याच खांद्यावर होता. त्यांचा पोरगा गणेश मोबाईल चार्जिंगला लावून त्याच्याजवळच उभा होता, आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसा.

ओसरीतल्या बाजेवर तुळशीरामची आई गोजरबाई बसली होती. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायांवर गोधडी. यातलं काहीही तिनं मागितलं नव्हतं. हळूच हात लांबवून तिनं तुरीच्या ओल्या शेंगांचं ताट आपल्याकडे ओढलं आणि चार शेंगा सोलून होताहेत तोच कोकिळेनं पाठमोरी असूनही सांगितलं की आत्याबाई, राहू द्या, बोटं दुखतील. सासूनं ताट परत सरकवलं. कोकिळेला पाठीला डोळे होते हे खरं, पण मनानं ती वाईट नव्हती. सासूला जपायचं म्हणजे सासूच्या हातून कामं काढून घ्यायची, एवढंच तिला ठाऊक होतं.

हा बंदोबस्त अलीकडचा. गोजरबाईनं नव्वदी ओलांडली असं घरात ठरलं तेव्हा आधी विळा गेला. मग पायरीवरून एकदा तोल काय गेला, पाण्याची कळशी गेली. मग चूल. वेचणी तर केव्हाच बंद झाली होती, आणि तीच तिला सगळ्यांत जास्त लागली होती. उभ्या गावात गोजरबाईच्या ओटीतला कापूस ओळखू यायचा. त्यात पाल्याचा चुरा नसायचा, काडी नसायची. बायांना शेतात दोन-दोन ओळींची पात वाटून दिली की गोजरबाईची पात सर्वांच्या आधी धुऱ्याला, म्हणजे शेवटच्या बांधाला लागायची आणि मग ती मागं वळून ज्या बाईचं मूल लहान असेल तिच्या पातीला हात लावायची. आता सकाळी बाया घरावरून जाताना ‘आजी, बरं हाय का’ विचारत आणि पुढं जात. त्या गेल्या की दुपारपर्यंत ओसरीवर नुसतं ऊन सरकत राही.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गावातलं माणूस कडी वाजवत नाही. ते अंगणातूनच हाक मारतं आणि हाकेच्या मागोमाग आत येतं. कडी वाजली म्हणजे बाहेरचं कुणीतरी. गणेशनं दार उघडलं तर इरा उभी होती.

इरा म्हणजे पोळ्यानंतर गावात आली होती ती पोरगी. पुण्याच्या एका संस्थेत माणसाच्या म्हातारपणाचा अभ्यास करायची. आई बुलडाण्याची, त्यामुळं इथली बोली तिला कळायची, बोलता मात्र यायची नाही. बर्फाच्या डब्यात नळ्या ठेवून तिनं गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचं थोडं थोडं रक्त नेलं होतं. गोजरबाईची शीर पहिल्या झटक्यात सापडली म्हणून ती तेव्हा फार खूश झाली होती. आज तिच्या चेहऱ्यावर त्याहून मोठी खुशी होती. ती बसलीसुद्धा नाही. पायातल्या चपला दाराशी काढून सरळ बाजेपाशी आली आणि गोजरबाईचे दोन्ही हात हातात घेतले.

मग तिनं जे सांगितलं ते घरच्यांना समजेल असं, दोनदा सांगितलं. माणसाच्या पेशींत बारीक बारीक रासायनिक खुणा असतात. वय वाढतं तशा त्या ठरलेल्या रीतीनं बदलत जातात. त्या वाचता आल्या की कार्डावर काहीही वय असो, शरीर स्वतः किती वर्षांचं झालं आहे त्याचा अंदाज बांधता येतो. गावातल्या बाकीच्या लोकांचं वय आणि शरीर जवळपास बरोबरीनं चाललं होतं, कुणाचं थोडं पुढं, कुणाचं थोडं मागं. गोजरबाईचं तेवढं वेगळं निघालं. कार्डावर चौऱ्याण्णव. शरीर मात्र म्हणत होतं ब्याऐंशी. इरानं नमुना पुन्हा तपासला, दुसऱ्या पद्धतीनं तपासला, उत्तर तेच. तिच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं की लगेच जा आणि आजींना भेट. म्हातारपण थोपवण्याची औषधं शोधायला जगभर लोक बसले आहेत, आणि इथं एका बाईच्या अंगात ते आपसूक घडलं असेल तर कसं घडलं ते कळायला हवं.

“म्हंजे आमची आजी रिव्हर्समध्ये चालू राह्यली,” गणेश म्हणाला.

तुळशीरामनं त्याला गप्प केलं, पण स्वतः त्याची छाती फुगली होती. तो म्हणाला की हे आमच्या सातपुड्याच्या पाण्याचं काम आहे. कोकिळेचं मत पडलं की नाही, भाकरीवर घेतलेल्या कच्च्या तेलाचं आणि ज्वारीचं. गणेशनं तोवर मनात फ्लेक्स छापूनसुद्धा टाकला होता. मध्ये आजीचा फोटो, वरती ‘सोनाळ्याची शान’, खाली मित्रमंडळाची डोकी. शंभरीला तर तो अख्खी कमान उभी करणार होता.

इरा हसत होती, पण तिनं एक गोष्ट गंभीरपणे बजावली. पुढच्या महिन्यात पुण्याहून गाडी येईल, आजींना काही दिवस तिथं ठेवून सगळ्या तपासण्या करायच्या. तोवर त्यांना फार जपायचं. ओझं नाही, ऊन नाही, शेत तर अजिबात नाही. पडल्या-झडल्या तर सगळंच वाया जाईल. तुळशीरामनं मान हलवली आणि तिच्यासमोरच कोकिळेला सांगितलं की उद्यापासून मायला अंघोळीचं पाणीसुद्धा बाजेपाशी आणून द्यायचं.

गोजरबाई इतका वेळ ऐकत होती. ब्याऐंशी हा आकडा तिनं मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला. या पोरीनं रक्ताला विचारलं आणि रक्त खरं बोललं. ती ब्याऐंशीचीच होती. चौऱ्याण्णव वर्षांची होती ती गोजरा, तिची थोरली बहीण. आणि हे आता जगात एकट्या तिला ठाऊक होतं.

तिचं माहेर मोताळ्याकडचं, धामणगाव बढे. तिथं तिचं नाव अनसूया. गोजराताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई सतत आजारी, म्हणून अनसूला न्हाऊ-माखू घालायची ती ताईच. ताईच्या मांडीवर डोकं टेकून केस विंचरून घेताना ताईच्या बांगड्या कानाशी वाजायच्या. भुलाबाईच्या दिवसांत पोरी घरोघरी जमायच्या, गाणी झाली की झाकलेला डबा खुळखुळवून आत कसली खिरापत आहे ते ओळखायला लावायच्या. डबा आपल्या घरचा असला की ताई आदल्या दिवशीच अनसूच्या कानात सांगून ठेवायची. अनसू मग उगाच दोन-तीन चुकीची नावं घ्यायची आणि शेवटी बरोबर ओळखायची. बाकीच्या पोरी म्हणायच्या, ही बारकी फार हुशार. ताई तोंडाला पदर लावून हसायची. अनसूला त्या हसण्यासाठीच जिंकायचं असायचं.

ताईचं लग्न सोनाळ्याच्या पुंजाजीशी ठरलं तेव्हा देश स्वतंत्र होऊन वर्षच झालं होतं. नव्या नवरीला सासरी एकटं वाटू नये म्हणून सोबत पाठराखीण द्यायची रीत. पाठराखीण म्हणून चार-पाच वर्षांची अनसू निघाली. बैलगाडीत ती ताईच्या शालूत झोपून आली. या घराचा उंबरा तिनं पहिल्यांदा ओलांडला तो ताईचं बोट धरून. रात्री रडली तर पुंजाजीनं तिला गुळाचा खडा आणून दिला होता, तोही दुरूनच, लाजत. थोड्या दिवसांनी बाप तिला परत माहेरी घेऊन गेला.

ताईला पहिली दोन मुलं जगली नाहीत. तिसऱ्या बाळंतपणात ताप डोक्यात गेला आणि मूल व ताई दोघंही गेली. अनसू तेव्हा पंधरा-सोळाची. ताईचे दिवस झाले आणि लगेचच तिच्या बापाकडे सोनाळ्याहून निरोप आला. ते त्या काळी नवीन नव्हतं. धाकटीला थोरलीच्या घरी देत. तिला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी ती नाही म्हणाली नसती. ताईच्या घरात निदान ताईचा वास असेल, असं तिला वाटलं होतं.

दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा असतो. तिच्या सासूनं तो घालू दिला नाही. टाक मेलेल्या बाईचा असतो, म्हणाली, आमची गोजरा कुठं गेलेली नाही. मांडवात नवरीचं नाव बदलायची वेळ आली तेव्हा सासूनं मोठ्यानं सांगितलं, गोजरा. ताईच्या पितळी भांड्यांवर ते नाव आधीच कोरलेलं होतं. ताईची लुगडी, ताईची जोडवी, ताईचं जातं, सगळं तिला तंतोतंत बसलं. आणि आखाजीला, जेव्हा घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तेव्हा सासूनं ताईची घागर भरली नाही. गेलीच नाही तर घागर कुणाची?

सासू गेली. धामणगावचा बाप गेला, तो शेवटपर्यंत कधी कधी चुकून अनसे म्हणायचा. पुंजाजीनं तर तिला कधी नावानं हाकच मारली नाही, ‘ऐकलं का’ म्हणायचा, आणि ते दोघींनाही चाललं असतं. माणूस चांगला होता. ताईचा दिवस आला की सकाळीच शेतात निघून जायचा आणि जेवायला यायचा नाही, ती भाकर तशीच झाकून ठेवायची. दोघं त्याबद्दल कधी बोलली नाहीत. मग तोही गेला. मतदारयादीला आणि रेशनला त्यानं लग्नाच्या सालावरून तिचं वय सांगून ठेवलं होतं, पहिल्या लग्नाच्या सालावरून. दोन बायकांचं एक नाव, एक घर, एक लग्न. गावातली म्हातारी माणसं एक एक करून संपली आणि उरलेल्यांना एकच गोजरबाई ठाऊक राहिली, पुंजाजीच्या लग्नाच्या वर्षापासून या घरात असलेली.

ती स्वतःही त्या वयात राहायला शिकली. फक्त एकदा, तुळशीराम शाळेत जायला लागला होता तेव्हा, आरशात तिला पहिला पांढरा केस दिसला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. ताईचे केस शेवटपर्यंत काळेभोर होते. या घरात तिला मिळालेलं सगळं ताईचं होतं, तो केस तेवढा तिचा स्वतःचा. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती आता थोरल्या बहिणीपेक्षा मोठी झाली आहे. ताई अठ्ठावीस वर्षांवर मागंच उभी राहिली आणि अनसू पुढं चालत गेली. तिला तेव्हा फार एकटं वाटलं होतं.

आता बाजेवर बसून ती समोरच्या चेहऱ्यांकडे बघत होती. गप्प बसायला काही लागत नव्हतं. पोरीचा अभ्यास पुरा होईल, नातवाचा फ्लेक्स लागेल, आणि ताई या घरात जिवंतच राहील. फक्त तिला शंभरीपर्यंत या बाजेवर, या टोपीत बसावं लागेल. बोललं तर ताई मरेल. इतक्या वर्षांनी, तिच्याच तोंडून.

इरा तेवढ्यात विचारत होती की आजी, तुमच्या बहिणी-बिहिणी कुणी होत्या का, त्या किती जगल्या. घराण्याचा गुण असू शकतो.

“होती,” गोजरबाई म्हणाली. “एक होती. अठ्ठावीस वर्साची गेली. तिचं नाव गोजरा.”

तुळशीराम म्हणाला की माय, गोजरा तर तू.

“मी अनसूया,” ती म्हणाली. “धामणगावची. गोजरा माही ताई. ते तुह्या बापाची पयली बायको. ते गेल्यावर मले आणलं अन् तिचं नाव मले देलं. तुमी धरून बसले ते वय तिचं हाय.”

चुलीवरची भाकर करपली तरी कोकिळा उठली नाही. मग गोजरबाईनं सगळं सांगितलं. पाठराखीण, मांडव, टाक, भांड्यांवरचं नाव, न भरलेली घागर. तिला वाटलं होतं सांगताना रडू येईल. पण बोलता बोलता भुलाबाईचा डबा आठवला आणि ती हसली, आणि तिला हसताना बघून गणेशही विनाकारण हसला. तुळशीरामला मात्र ते लागलं. म्हातारपणाकडं झुकलेला तो माणूस लहान मुलासारखा ओठ घट्ट मिटून खाली बघत होता.

“आमाले काऊन नाई सांगतलं, माय?” त्यानं अखेर विचारलं.

“सांगतलं असतं त ते मेली म्हनाव लागलं असतं,” ती म्हणाली. “तुह्या आजीनं तिले मरू देलं नाई. मंग म्याही नाई देलं.”

कोकिळेनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली की येत्या आखाजीला थोरल्या आत्याबाईंची घागर आपण भरू, मी भरीन. गोजरबाईनं तिच्याकडे पाहिलं. या सुनेनं तिचे विळे-कळशा काढून घेतल्या होत्या, पण ‘थोरल्या आत्याबाई’ हा शब्द तिनं किती सहज काढला. ताईला या घरात असं कुणी म्हणेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग सगळ्यांना इरा आठवली. ती बाजेच्या काठावर बसली होती. तिच्या हातचं सगळंच गेलं होतं, पुण्याची गाडी, वरिष्ठांची शाबासकी, लिहायला घेतलेला लेख. गोजरबाईला तिचं वाईट वाटलं आणि तिनं तसं म्हटलंही, की पोरी, तुह्यं नुकसान झालं. इरानं आपली बॅग बंद केली आणि म्हणाली, “नाही आजी. सगळ्यांनी तुमचं वय चुकीचं सांगितलं आणि आमच्या तपासणीनं बरोबर ओळखलं. मी परत जाऊन हे सांगितलं तर त्यांचा आधी विश्वास बसणार नाही.” आणि मग तिलाही हसू आलं.

गणेशची पंचाईत झाली होती. ब्याऐंशीच्या आजीचा फ्लेक्स कोण लावतं? गावात तसल्या ढीगभर आज्या होत्या. त्यानं मोबाईल चार्जिंगवरून काढला आणि पुटपुटला की एका सकाळीत आजी बारा वर्षांनी लहान झाली, हे काय कमी आहे का.

इरानं विचारलं की कागदावर आता काय लिहायचं, नाव बदलायचं का. गोजरबाईनं मान हलवली. नाव गोजराच राहू दे, म्हणाली, मी ते इतकी वर्षं वापरलं, आता ते तिचं आहे तितकंच माझंही आहे. वय मात्र माझं लिही.

बाहेर पाराकडून बायांची हाक आली. कोकिळा उठली, करपलेली भाकर बाजूला काढून बाकीच्या फडक्यात बांधल्या आणि ओटीचं फडकं कंबरेला गुंडाळायला लागली. तुळशीराम अजून तिथंच उभा होता. त्यानं आईच्या पायांवरून सरकलेली गोधडी पुन्हा नीट करायला हात पुढं केला आणि मध्येच थांबला. मग त्यानं विचारलं की माय, तुला काही पाहिजे का.

गोजरबाईनं डोक्यावरची टोपी काढून बाजेवर ठेवली.

“मले आज वेचनीले घेऊन चाला,” ती म्हणाली. “एक पात मले द्या.”